कोरडं ऊन, ओला धागा

चैत्रात सोलापूरला जाणाऱ्यांची गर्दी काही कमी नसते. फक्त त्यातल्या बहुतेकांना सोलापूर बघायचं नसतं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला स्वामी समर्थांचा प्रकट दिन, मग चैत्री एकादशीचं पंढरपूर, पौर्णिमेचं तुळजापूर, वद्य त्रयोदशीला पुन्हा अक्कलकोट, आणि जमलंच तर गाणगापूर. यातल्या बऱ्याच वाटा सोलापूरच्या स्टेशनात आणि एसटी स्टँडवर एकमेकींना ओलांडतात. लोक उतरतात, पाण्याची बाटली घेतात, कडक भाकरीचं पुडकं आणि शेंगाचटणीची पिशवी घेतात आणि पुढच्या गाडीत जागा धरतात. मुक्काम करायचा तो देवाच्या गावी. सोलापूर हे गाडी बदलायचं ठिकाण.

मला सोलापूरच बघायचं होतं, आणि तेही उन्हाळा लागताना. हे ऐकून पुण्यातल्या ओळखीच्या सोलापूरकरांनी मला वेड्यात काढलं. ‘जानेवारीत या की, गड्डा असतो,’ असा सगळ्यांचा एकच सल्ला. संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचे पाळणे हे सगळं बघण्यासारखं आहे यात वाद नाही. पण पाहुणे यायचे म्हणून आवरून ठेवलेल्या घरासारखं शहर तेव्हा दिसतं. मला न आवरलेलं बघायचं होतं.

म्हणून दिवसाची गाडी धरली. हुतात्मा एक्सप्रेस संध्याकाळी पुण्याहून सुटते, २०२३ पासून वंदे भारतही धावते, पण मुंबईहून येणारी तीही अंधारातच सोलापूर गाठते. अंधारात उजनी दिसत नाही, आणि उन्हाळ्यातलं सोलापूर समजून घ्यायचं तर सुरुवात उजनीपासून करावी लागते. दौंड मागं पडलं, भिगवण गेलं की उसाच्या फडांमधून एकदम पाणी दिसायला लागतं. हा धरणाचा फुगवटा. हिवाळ्यात इथं रोहित पक्षी बघायला पुण्याच्या मोटारी रांगेनं येतात. चैत्रात पाणी मागं हटलेलं असतं, उघड्या पडलेल्या गाळाला भेगा गेलेल्या असतात, आणि त्या गाळावरून शेतकऱ्यांच्या पाइपांच्या रेघा खाली पाण्यापर्यंत ओढलेल्या दिसतात. पाणी जसं उतरतं तशी मोटार खाली न्यायची आणि वर एक पाइप वाढवायचा, हे मेअखेरपर्यंत चालतं. पळसदेवचं पाण्याखाली गेलेलं जुनं देऊळ अशाच दिवसांत डोकं वर काढतं.

डब्यात समोर बसलेल्या दोघांचं बोलणं चाललं होतं.

‘उजनी मायनसला गेली का?’

‘अजून नाही. पण जाईल की पंधरा दिवसांत.’

परगावच्या माणसाला हे शेअर बाजाराचं बोलणं वाटेल. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. पोटात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं जवळजवळ ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे दाराच्या उंबऱ्याखालचं. वरचं साडेत्रेपन्न टीएमसी तेवढं हक्कानं वापरायचं. ते संपलं की धरण ‘मायनस’मध्ये. सोलापूर जिल्ह्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर उजनीचा आकडा विचारा, उत्तर मिळतं. बहुतेक वेळा बरोबर मिळतं. आणि त्यापाठोपाठ एक भांडणही मिळतं, कारण तीसहून अधिक साखर कारखान्यांचा हा जिल्हा आहे. उसाला आवर्तन सोडायचं की शहराला पाणी राखायचं, हा वाद इथल्या प्रत्येक उन्हाळ्यात नव्यानं होतो.

शहराला उजनीचं पाणी दोन वाटांनी येतं. एक शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनीतून. दुसरी वाट खुद्द भीमेची: धरणातून नदीत पाणी सोडायचं, ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं वाहत वाहत औजच्या बंधाऱ्यापर्यंत यायचं आणि तिथून टाकळीच्या पंपांनी उचलायचं. तापलेल्या वाळूच्या पात्रातून पाणी इतक्या लांब नेलं की वाटेत किती मुरतं आणि किती उडतं याची कल्पना करायला अभियंता असावं लागत नाही. वाटेतल्या गावांचीही तहान त्यावरच भागते, तेव्हा सगळंच वाया गेलं असं म्हणता येत नाही. तरी एका शहराच्या पिण्यासाठी नदी वाहती करायची, ही चाल मला अजून पटलेली नाही. नव्या समांतर जलवाहिनीचा खटाटोप झाला तो ही चाल मोडण्यासाठीच.

गाडी सोलापुरात पोचते तेव्हा फलाटावरचा पत्रा तापलेला असतो. रेल्वे इथं १८६० साली आली. उतरल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते हे, की घाम येत नाही. म्हणजे येतो, पण अंगावर थांबत नाही. मुंबईत चौतीस अंशांना सदरा पाठीला चिकटतो. इथं पारा चाळिशी ओलांडतो तरी कपडे कोरडे, ओठ कोरडे, नाक आतून कोरडं. समुद्र लांब, पाऊस बेताचा, भोवती काळी माळजमीन. सूर्य मेच्या दुसऱ्या आठवड्यात बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी साडेबाराच्या आत-बाहेर उभ्या माणसाची सावली पायाखाली गडप होते. फसवं ऊन आहे. अंगातलं पाणी कधी गेलं ते कळत नाही, चक्कर आल्यावरच कळतं.

कोरडेपणाची ही गोष्ट मी पुढं जिथं जिथं गेले तिथं तिथं निघाली. आधी ती मला हवामानाची गोष्ट वाटत होती. सोलापुरात ती धंद्याची आहे.

सकाळी सहालाच शहर पूर्ण जागं असतं. लक्ष्मी मार्केटात भाजी उतरलेली, सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं फिरणाऱ्यांची दुसरी फेरी चाललेली. तलावात मधोमध देऊळ, एका अंगाला भुईकोट किल्ल्याची दुहेरी तटबंदी. हे तळं बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी खोदवून घेतलं अशी परंपरा आहे. बसवेश्वरांच्या काळातले हे शिवयोगी कन्नडमध्ये वचनं लिहिणारे, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापणारे, आणि त्याहून जास्त म्हणजे तळी-विहिरी खोदणारे. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात एक प्रसंग येतो. तळ्याचं काम जोरात चालू असताना अल्लमप्रभू येतात आणि सिद्धरामांचा उल्लेख वड्डर, म्हणजे माती-दगड खोदणारा, असा करून त्यांची चौकशी करतात. कामावरच्या लोकांना राग येतो आणि ते अल्लमांवर दगड टाकतात. पुढं अल्लम सिद्धरामांना आतल्या साधनेचं सांगतात, सिद्धरामांना ते पटतं, वगैरे. ग्रंथाचा कल अल्लमांकडे आहे. माझा कल, एप्रिलमधल्या सोलापुरात उभं राहिल्यावर, पूर्णपणे वड्डराकडे होता.

जुन्या पेठांमध्ये नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं. त्यामुळं गल्लीच्या आठवड्याला स्वतःचे वार असतात. ‘आज आमचं पाणी आहे,’ म्हटलं की त्या घरची बाई लग्नाला जात नाही, दवाखान्याचं पुढं ढकलते, पाहुण्यांना उद्या या म्हणते. मंगळवार पेठेजवळच्या एका वाड्यात मी अशा दिवशी होते. पाणी सुटलं तशी पाच मिनिटांत बोलणी बंद झाली. आधी पिण्याचं, फडक्यातून गाळून, तांब्या-पितळेच्या भांड्यांत. मग स्वयंपाकाचं. मग हौद. मग निळी पिंपं. शेवटी अंगण आणि जिना, कारण भांडी भरताना सांडलेलं पाणी बादलीत ओढून घेतलेलं होतं, ते टाकायचं कुठं तर तापलेल्या फरशीवर. आजीबाई मधूनच ओरडल्या, ‘अगं, कुंडीला नको, कालचं भांड्याचं ठेवलंय ना तिला!’ सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईंच्या डोक्यात त्या घरातल्या प्रत्येक बादलीचा जमाखर्च होता.

दुपारी एक ते चार शहर पडदा ओढून घेतं. नवी पेठेतली दुकानंसुद्धा अर्ध्या शटरवर येतात. पाहुण्यानं या तासांशी भांडू नये. जेवावं आणि पडावं. जेवण काय, तर ज्वारी. रब्बीची सुगी नुकतीच झालेली असते आणि मंगळवेढ्याकडची मालदांडी बाजारात नवी असते. मालदांडीचं ‘एम ३५-१’ हे वाण याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलं गेलं आणि पुढं दख्खनभर पसरलं. तिची भाकरी पांढरी, गोडसर आणि पातळ थापता येणारी. तशी पातळ थापून, तव्यावर भाजून, नंतर धगीशेजारी उभी करून तिच्यातला ओलावा पार काढला की कडक भाकरी होते. ती महिना महिना टिकते. आमटीत चुरायची किंवा दह्याबरोबर खायची, वर शेंगाचटणी आणि कांदा.

या कडक भाकरीवर शेकडो बायकांचे संसार चालतात, आणि उन्हाळा त्यांचा हंगाम आहे. ऊन त्यांचं निम्मं काम करतं. याच दिवसांत गच्च्यांवर कुरडया, ज्वारीचे पापड, सांडगे वाळत असतात आणि डंकावर वर्षाचं काळं तिखट कांडून घ्यायला रांगा लागतात. डंकाच्या दारातून जाताना आधी शिंक येते, मग भूक लागते. शेंगाचटणीसाठी दाणे नीट भाजलेले हवेत, आणि कांडताना तेल सुटेपर्यंत कांडायचं, वाटायचं नाही. मिक्सरमधली चटणी भुगा होते. पुण्यात ती पॅकेटात मिळते म्हणून समाधान मानणाऱ्यांनी एकदा डंकावरून उतरलेली गरम चटणी तळहातावर घेऊन खावी.

दुपारच्या त्या ओस पडलेल्या तासांत मी पार्क चौकात गेले, ही गोष्ट कुणालाही करायला सांगणार नाही. चार हुतात्म्यांचे पुतळे तिथं आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, त्यामुळं स्मरण हिवाळ्यात होतं. पण मूळ घटना भर वैशाखातली आहे. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली. ८ मेला रूपाभवानीच्या बाजूला लोक जमले आणि शिंदीची झाडं तोडायला लागले. शिंदी म्हणजे दारू, आणि दारूचा कर सरकारला. पोलिसांनी धरपकड केली, गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण पडला. चिडलेल्या जमावानं पोलीस चौकी आणि कोर्ट पेटवलं. पोलीस शहराबाहेर गेले आणि ९ ते ११ मे या दिवसांत सोलापूरचा कारभार स्वयंसेवकांनी पाहिला. १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला, तो जूनअखेरपर्यंत राहिला. सोलापूरकर या दिवसांचा अभिमान बाळगतात, आणि बाळगावाच. मला त्या रणरणत्या चौकात दुसरंच वाटत होतं. गिरण्यांचा कामगार हा या शहराचा कणा होता, आणि हे जे लोक रस्त्यावर आले ते आठवड्याचे सहा दिवस भोंग्यावर चालणारे होते. मेच्या उन्हात मैलोगणती चालत जाऊन झाडं तोडायला लागतील इतकं त्यांच्यात काय काय साठलं असेल, याचा हिशेब फक्त गांधीजींच्या अटकेत बसत नाही.

गिरण्यांचं शहर ते झालं कसं, हा खरा तर कोड्यात टाकणारा प्रश्न आहे. कापसाच्या धाग्याला दमट हवा लागते. तंतू ओलावा धरून असला की मजबूत राहतो. हवा कोरडी पडली की धागा ठिसूळ होतो आणि तुटतो. इंग्लंडात लँकेशायर गिरण्यांचं आगर झालं त्याच्या कारणांमध्ये तिथली ओलसर हवाही धरतात. मुंबईला समुद्र होता. सोलापूरला काय होतं? कापूस पिकवणारी काळी जमीन होती, रेल्वे होती, आणि माणसं होती. तेलंगणातले पद्मशाली विणकर इथं आधीपासून येत होते. १८७६ च्या दुष्काळानं गावोगावच्या रिकाम्या हातांची भर घातली. मुरारजी गोकुळदासांची ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग’, लोकांच्या तोंडची जुनी मिल, १८७७ साली उभी राहिली. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी. हवेत नसलेला ओलावा गिरण्यांनी यंत्रांनी आणला. आज त्या गिरण्या नाहीत. भोंगे थांबले, जमिनींची प्रकरणं झाली. विणकाम मात्र थांबलं नाही, ते यंत्रमागावर गेलं आणि शहराच्या पूर्व भागातल्या पत्र्याच्या शेडांमध्ये विखुरलं. ओलावा आणणारी यंत्रं मात्र त्यांच्याबरोबर आली नाहीत.

पूर्व भाग म्हणजे साखर पेठ, भद्रावती पेठ, दत्त नगर, कन्ना चौक, अशोक चौक, आणि पुढं अक्कलकोट रोडची एमआयडीसी. पाट्या मराठीत, घरातलं बोलणं तेलुगूत, देवाणघेवाण मिळेल त्या भाषेत. पुरुष मागावर, बायका विडीवर, ही इथली जुनी वाटणी. चारच्या सुमाराला एका विडी कामगार बाईंच्या घरी गेले. एक खोली, तिच्या दारात उजेडाला बसून त्या आणि त्यांची जाऊ विड्या वळत होत्या. सुपात पान, तंबाखू, दोऱ्याचं रीळ, कात्री, आणि पान कापायला पत्र्याचा साचा.

‘बसा की ताई, तंबाखू लागेल पदराला, जरा तिकडून बसा.’

तेंदूचं पान विदर्भ, तेलंगण, मध्य प्रदेशाच्या जंगलांतून येतं आणि त्याची तोड नेमकी याच दिवसांत, एप्रिल-मेमध्ये होते. कारखान्यातून पान आणि तंबाखू मोजून मिळतो. पान रात्री भिजवायचं, निथळायचं, ओल्या फडक्यात बांधून ठेवायचं. मग शिर टाळून साचा ठेवायचा, कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू, दोन बोटांत वळायचं, टोक नखानं आत दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हे बोलत बोलत, माझ्याकडे बघत बघत चाललं होतं. हातांना डोळ्यांची गरज नव्हती. मजुरी हजार विड्यांमागं. कारखान्यात माल तपासताना फुटक्या, सैल विड्या बाजूला काढतात, ती छाट. छाटीचे पैसे नाहीत.

‘उन्हाळ्यात छाट लई निघते,’ जाऊबाई म्हणाल्या. ‘पान सुकतं की. वळताना फुटतं.’

फडकं दर अर्ध्या तासाला ओलं करायचं. खोलीत पंखा होता, नवा होता, आणि बंद होता. तो लावला तर तंबाखू उडतो आणि पान आणखी लवकर वाळतं. पत्र्याखाली, बंद पंख्याच्या खाली, मांडी घालून आठ-आठ तास. उष्माघाताच्या सरकारी सूचना दरवर्षी निघतात: दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका. अहमदाबादेत २०१० च्या भयंकर लाटेनंतर २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा झाला आणि मग देशभर अशा सूचनांची रीत पडली. चांगलीच गोष्ट झाली. पण त्या सूचना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ऊन बाहेर असतं आणि सावली घरात. या बाईंना घराबाहेर पडू नका हे सांगायची गरजच नाही. त्यांचं ऊन घरात आहे.

कुंभारीला विडी कामगारांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ साली झाली, तिच्या मागं नरसय्या आडम मास्तरांच्या संघटनेची वर्षानुवर्षांची लढाई होती. त्याच बाजूला असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. स्वतःचं पक्कं घर ही फार मोठी गोष्ट आहे. माझ्या समोरच्या बाईंना तिथं घर लागलेलं नव्हतं. त्यांच्या नणंदेला लागलं आहे. ‘चांगलंय,’ त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, ‘वरचा मजला आहे, स्लॅब तापते. तरी चांगलंय. स्वतःचं आहे.’

संध्याकाळी सहानंतर शहराला पुन्हा जीव येतो. सात रस्ता, पार्क चौपाटी, उसाच्या रसाच्या चरकांचे घुंगरू, लस्सी, थंडगार मठ्ठा. याच दिवसांत आंबेडकर जयंतीचे मांडव लागलेले असतात. इथली मिरवणूक चौदा तारखेला न निघता पुढच्या रविवारच्या सुमाराला निघते आणि रात्र रात्र चालते. त्यात रामनवमी, बसव जयंती. चैत्र-वैशाखात सोलापूरची एकही संध्याकाळ लेझीम-हलगीशिवाय जात नाही असं वाटायला लागतं. परगावच्या माणसानं हॉटेलची खोली मिरवणुकीच्या रस्त्यावर घेऊ नये, एवढंच.

रात्री दहानंतर लोक गच्चीवर जातात. आधी पाणी मारायचं, स्लॅबमधून वाफ निघते ती निघू द्यायची, मग सतरंज्या. अंगावर सोलापुरी चादर, आणि ती ओली करून पिळलेली. थंडीसाठी सगळ्या महाराष्ट्रात जाणारी ही जाडजूड चादर तिच्या गावात उन्हाळ्यात पाणी धरायला वापरतात. पहाटेपर्यंत ती वाळते आणि तोवर ऊनही जरा दमलेलं असतं.

ही चादर विणताना बघायची तर रात्रपाळीला जावं, असं एका यंत्रमागवाल्यांनी सुचवलं. ‘दिवसा याल तर तुम्हीच आडव्या व्हाल.’ एमआयडीसीतल्या त्यांच्या शेडात अकरा वाजता पोचले. आवाज इतका, की मालकांनी बोलायचं ते कानाशी येऊन बोलत होते. चादरीवरची नक्षी जॅकार्डवर होते. मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची साखळी टांगलेली असते. कुठल्या ठिकाणी भोक आहे त्यावर ताण्याचा कुठला धागा वर उचलायचा ते ठरतं. एकेक पुठ्ठा पुढं सरकतो, धोटा धावतो, मोराच्या पिसाऱ्याची एक ओळ पुरी होते. २००५ साली सोलापुरी चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनानं नाव राखलं. पानिपतच्या स्वस्त मालापुढं भाव राखता आला नाही, ही इथली कायमची तक्रार. टॉवेलची निर्यात होते म्हणून बरीच शेडं तगून आहेत.

कामगार मध्यमवयाचा, अंगात बनियन. एका वेळी दोन माग सांभाळत होता. मी उभी असताना एका मागावर ताण्याचा धागा तुटला. त्यानं माग थांबवला, वाकून दोन टोकं शोधली, बोटांची एक गिरकी, गाठ, जादा शेपूट तोडलं, माग चालू. सगळं मिळून अर्धं मिनिटही नाही. तोवर दुसऱ्या मागावर तुटला. त्याची मजुरी विणलेल्या मालावर. धागा जोडण्यात गेलेली मिनिटं त्याच्या पदरची.

‘पावसाळ्यात असं नसतं,’ मालक कानाशी म्हणाले. ‘तेव्हा तासन्‌तास तुटत नाही. आत्ता हवाच कोरडी. काय करता?’

उपाय होता तो जमिनीवर दिसत होता. मागांच्या मधल्या बोळांत पाणी शिंपडलेलं, खिडक्यांना गोणपाट टांगलेले, तेही ओले. टँकर विकत घेऊन. पंखे इथंही बंद. वाऱ्यानं कापसाचा भुरका उडतो, धाग्यावर बसतो, आणि ताणाही आणखी वाळतो. लँकेशायरमध्ये एकोणिसाव्या शतकात गिरणीमालक शेडांत वाफ सोडत, कामगारांचे कपडे भिजत, खोकले वाढत. त्याविरुद्ध इतकी ओरड झाली की १८८९ साली शेडांत किती वाफ सोडायची याचा कायदा करावा लागला. तिथं माणसाला बाधणारा ओलावा धाग्यासाठी आणत होते. इथं धाग्यासाठी वारा बंद करतात. दोन्हीकडं सोय धाग्याची.

मालकांना मी विचारलं, कामगारांच्या अंगासाठी काही? ते चिडले नाहीत. मठ्ठा देतो म्हणाले, दुपारची पाळी दोन तास मागं-पुढं करून पाहिली, पण वीज दिवसा-रात्री सारखी मिळेल याची खात्री नाही, आणि शेडाला वरून पांढरा रंग मारला तेव्हा फरक पडला होता, यंदा रंग मारायला पैसे नाहीत. धुलाईला, रंगाईला, शिंपडायला, सगळ्यालाच पाणी विकतचं. ‘उजनी मायनसला गेली की टँकरचा भाव प्लसला जातो,’ ते म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर खूष झाले.

कामगारानं तेवढ्यात तंबाखू मळायला माग थांबवला होता. त्याला विचारलं, वळीव कधी येतो इकडं?

‘येतो की. मेमध्ये दोन-तीनदा तरी येतो. वळीव पडला की झ्याक. हवा ओली होते, धागा बिलकूल तुटत नाही.’

‘मग त्या दिवशी चांगली मजुरी पडत असेल.’

तो आणि मालक दोघंही हसायला लागले.

‘पडंल की,’ तो म्हणाला. ‘पण वळीव आला की लाईट जाते.’